समुद्राने घेतलेली जमीन आणि कायद्याचे अपुरे उत्तर : भारतातील ‘नियोजित माघारी’चा इतिहास

चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे भारताच्या मुख्य भूमीचा ६,६३२ किलोमीटर लांबीचा किनारा तपासला. त्यातील सुमारे ३३ टक्के किनाऱ्याची धूप होत असल्याचे आढळले. सुमारे २७ टक्के किनाऱ्यावर गाळ साचून भर पडत होती आणि उरलेला किनारा कमी-अधिक स्थिर होता. पश्चिम बंगालमध्ये धुपेचे प्रमाण ६० टक्क्यांवर, तर केरळमध्ये ४६ टक्क्यांवर होते. या आकड्यांची बातमी अधूनमधून येते. तिच्याबरोबर कोसळलेल्या घराचे छायाचित्र येते आणि बहुधा नव्या बंधाऱ्याची घोषणाही येते.

बंधारा बांधून किनारा राखणे हा एक मार्ग झाला. घरे उंच करून पाण्यासोबत राहणे हा दुसरा. तिसरा मार्ग म्हणजे जिथे टिकाव धरणे शक्य नाही तिथून वस्ती, शेती, शाळा, देवळे आणि रस्ते विचारपूर्वक मागे नेणे. हवामानशास्त्र आणि नियोजनशास्त्र यांच्या परिभाषेत याला ‘नियोजित माघार’ म्हणतात. हा शब्द नवा असला तरी घटना नवी नाही. भारताच्या किनाऱ्यावरून माणसे गेली दीडशे वर्षे मागे सरकत आली आहेत. त्यांचे सरकणे कोणी ठरवले, त्याचा खर्च कोणी सोसला आणि मागे राहिलेल्या जमिनीचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे मात्र प्रत्येक वेळी वेगळी मिळाली. कारण समुद्राने जमीन दिली तर ती कोणाची, हे भारतातील कायद्याने फार पूर्वी ठरवले. समुद्राने जमीन घेतली तर ती गमावणाऱ्याला काय देणे लागते, हे राष्ट्रीय पातळीवर अजून ठरलेले नाही.

१८२५ चा नियम आणि मातला नदीवरील बंदर

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सरकारने १८२५ साली अकरावा विनियम जारी केला. नदी किंवा समुद्र मागे हटल्यामुळे अथवा गाळ साचल्यामुळे जी जमीन नव्याने वर येते, तिच्यावरील हक्काचे वाद कसे सोडवावेत, हा त्याचा विषय. काठाला लागून हळूहळू साचलेली भूमी लगतच्या जमीनधारकाची; खोल, नाव चालेल अशा पाण्याच्या पलीकडे नव्याने उगवलेले बेट सरकारचे. असे त्याचे साधारण सूत्र होते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात जमीन सतत घडते आणि मोडते, आणि महसुलावर चालणाऱ्या राज्याला नव्या जमिनीची मालकी ठाऊक असणे आवश्यक होते. जिची जमीन गेली त्या रयतेने कुठे जावे, हा त्या नियमाचा विषय नव्हता.

पुढे चारच दशकांत त्याच प्रदेशात माघारीचा एक ठळक प्रसंग घडला. हुगळी नदी गाळाने भरत चालली आहे, कलकत्ता बंदराला पर्याय हवा, या विचाराने मातला नदीच्या काठी नवे बंदर उभारण्याचे ठरले. हेन्री पिडिंग्टन या अभ्यासकाने त्यावर हरकत घेतली. ‘सायक्लोन’ हा शब्द इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेय ज्याला जाते तो हाच पिडिंग्टन. बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी तो वर्षानुवर्षे गोळा करीत होता. १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी याला लिहिलेल्या पत्रात त्याने बजावले की, वाऱ्याइतकीच भीती वादळाबरोबर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याची आहे आणि ते पाणी एक दिवस या वसाहतीवर येईल. इशारा बाजूला ठेवला गेला. गोदी, हॉटेल, लोहमार्ग उभे राहिले आणि गावाला व्हाइसरॉय कॅनिंग याचे नाव मिळाले.

१ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळ आले. पाण्याची लाट सुमारे सहा फुटांची होती. बंगालच्या उपसागराच्या मानाने ती मध्यमच म्हणावी लागेल. तरीही बंदराची वाताहत झाली आणि १८७२ पर्यंत ते सोडून देण्यात आले. ही भांडवलाची माघार होती. गुंतवणूकदारांनी तोटा सोसला, जहाजे हुगळीकडे वळली आणि सरकारने विषय मिटवला. आसपासच्या खारजमिनींवर वस्ती करणाऱ्या कुळांना परत जाण्यासाठी कलकत्ता नव्हते. पुढील सर्व प्रसंगांत हा फरक दिसत राहतो. ज्याच्याकडे दुसरीकडे जागा आहे त्याला माघार हा हिशेबाचा प्रश्न असतो. ज्याच्याकडे नाही त्याला ती राज्याच्या मदतीशिवाय शक्यच नसते.

धनुष्कोडी : आदेशाने झालेली माघार

स्वतंत्र भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण धनुष्कोडीचे आहे. रामेश्वरम बेटाच्या टोकावरील हे गाव श्रीलंकेला जाणाऱ्या बोटीचे स्थानक होते. १९६४ च्या डिसेंबरमधील २२ आणि २३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री आलेल्या चक्रीवादळात गाव उद्ध्वस्त झाले. पांबनहून येणारी प्रवासी गाडी उतारूंसह समुद्रात गेली. त्यानंतर मद्रास सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य असल्याचे जाहीर केले. लोहमार्ग पुन्हा तिथवर गेला नाही.

तरीही काही मच्छीमार कुटुंबे तिथेच राहिली, कारण त्यांचे काम तिथल्या पाण्यात होते. सरकारने गाव मृत ठरवले तेव्हा वीज, शाळा आणि दवाखाना या गोष्टीही त्याबरोबर मागे घेतल्या गेल्या. माघारीचा निर्णय आदेशाने होतो आणि उपजीविकेचा विचार मागे राहतो, तेव्हा लोक जागा सोडत नाहीत. ते केवळ नोंदींतून नाहीसे होतात. आज धनुष्कोडीचे भग्नावशेष पर्यटनस्थळ आहेत आणि तिथवर नवा रस्ताही गेला आहे.

सागर बेट : एका बेटाचा भार दुसऱ्यावर

पश्चिम बंगालमध्ये माघार एका रात्रीत झाली नाही. हुगळीच्या मुखाशी असलेले लोहाचरा हे बेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिजत गेले आणि अखेर पाण्याखाली गेले. शेजारचे घोडामारा १९७० च्या दशकात साडेआठ चौरस किलोमीटरच्या आसपास होते; पुढील चार दशकांत त्याचे क्षेत्र निम्म्यावर आले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील सागरविज्ञान विभागाने या बेटांचा मागोवा दीर्घकाळ घेतला आहे. कारणे अनेक आहेत. जगातील सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या वर्षांत तिचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर इतका झाला. त्याखेरीज सुंदरबनची मऊ जमीन स्वतःच खचते, भरतीचे प्रवाह काठ कुरतडतात, आणि वरच्या अंगाच्या धरणांमुळे व बंधाऱ्यांमुळे नव्या गाळाचा पुरवठा घटतो.

लोहाचरा आणि घोडामारा येथील कुटुंबांना तत्कालीन राज्य सरकारने १९७० च्या दशकापासून दक्षिणेकडील मोठ्या सागर बेटावर टप्प्याटप्प्याने वसवले. तिथे वसाहती उभ्या राहिल्या. देशात शासनाने केलेल्या किनारी पुनर्वसनाचा हा बहुधा सर्वांत दीर्घ प्रयोग आहे आणि त्याबद्दल फारच थोडे बोलले जाते. सुरुवातीला आलेल्यांना शेतजमीन मिळाली. नंतर येणाऱ्यांचे वाटे आखूड होत गेले, कारण सागर बेटावर देण्याजोगी जमीनच संपत आली. यजमान गावांना हे नवे शेजारी तळे, चराई आणि मासेमारीचे वाटेकरी वाटू लागले. २०११ च्या जनगणनेत सागर बेटाची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक होती, आणि खुद्द सागर बेटाच्या दक्षिण काठाचीही धूप चालू आहे. गंगासागरच्या यात्रेतील कपिलमुनींचे मंदिर याआधी समुद्राने गिळल्यामुळे पुन्हा पुन्हा मागे बांधावे लागले आहे.

सागर बेटाच्या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्या जागी वसवायचे ती जागा पुढील पन्नास वर्षे सुरक्षित आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आणि पुनर्वसन ही एकदाच करण्याची कृती नसून चालू राहणारी जबाबदारी असते. त्यासाठी स्थायी नियम नसेल, तर उशिरा येणाऱ्याला कमी मिळते, आणि उशिरा येणारा बहुधा सर्वांत गरीब असतो.

अंतराचा कायदा : ५०० मीटर, २०० मीटर, ५० मीटर

दरम्यान दिल्लीत किनाऱ्याचा विचार वेगळ्या दिशेने चालला होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. त्या विचाराला कायद्याचे रूप मिळाले ते पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघालेल्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने, म्हणजे सर्वत्र ‘सीआरझेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांनी.

या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या बांधकामास वर्ज्य ठरवला. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परंपरागत हक्क असलेल्या वस्त्यांना घरे बांधण्याची मुभा होती. त्या संदर्भात इंग्रजी मसुद्यात मच्छीमार गावांबरोबर ‘गावठाण’ हा आपल्याकडचा महसुली शब्द जसाच्या तसा आला आहे. अधिसूचनेचा हेतू किनाऱ्याचे पर्यावरण जपण्याचा आणि नव्या बांधकामांना आवर घालण्याचा होता. भरतीरेषा हीच जमिनीच्या दिशेने सरकू लागली तर आधीपासून असलेल्या गावाचे काय, हा प्रश्न तिच्या चौकटीबाहेर राहिला. उद्या ज्या घराच्या अंगणात भरतीरेषा येईल, ते घर नियमाच्या दृष्टीने बंधनात सापडते. त्याला पर्यायी जागा मिळत नाही.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हा प्रश्न अचानक समोर आणला. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तीन महिन्यांनी, ३० मार्च २००५ रोजी, तमिळनाडू सरकारने एक शासन आदेश काढला. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत ज्यांची घरे पडली वा मोडली, त्यांना त्या अंतराच्या पलीकडे दीड लाख रुपये किमतीचे नवे घर विनामूल्य देऊ केले गेले. ज्यांना जायचे नव्हते त्यांना स्वखर्चाने दुरुस्ती करून राहता येत होते, मात्र शासकीय साहाय्य मिळणार नव्हते. नवे घर घेणाऱ्याने जुनी जागा सरकारला लिहून द्यायची आणि ती सार्वजनिक उपयोगासाठी राहायची, अशी अट होती.

कागदावर हा पर्याय होता. प्रत्यक्षात घर मोडलेल्या माणसाला त्यात निवड फारशी नव्हती. मच्छीमाराचे कामाचे ठिकाण वाळूवर असते. होडी ओढणे, जाळी विणणे, मासळी वाळवणे आणि लिलाव ही सारी कामे त्या पुळणीवर चालतात, आणि त्या पुळणीची वाटणी सात-बाऱ्यासारख्या कोणत्याही उताऱ्यावर नसते. गावकऱ्यांची ती सामाईक जागा सरकारजमा झाल्यावर उद्या तिथे हॉटेल वा बंदर येणार नाही याची हमी कोणी द्यावी? ही शंका तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेव्हा उघडपणे व्यक्त झाली. चेन्नईतील काही कुटुंबांना तर शहराच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून दूर सेम्मनचेरीत घरे मिळाली. छप्पर मिळाले, पण पहाटे होडीपर्यंत पोचण्याचा मार्ग लांबला.

सातभाया : सात भावांचे गाव

ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया हे नाव ‘सात भाऊ’ या अर्थाचे आहे. राजनगर तालुक्यातील किनाऱ्यावर सात गावांचा हा पुंजका होता; त्यातील पाच गावे विसाव्या शतकात एकामागून एक समुद्राने घेतली. शेजारी भितरकनिकाचे खारफुटीचे जंगल आणि गहिरमाथाची पुळण आहे. १९७४ साली सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट बस्टर्ड यांनी गहिरमाथाच्या पुळणीवरील ऑलिव्ह रिडली कासवांच्या सामूहिक विणीकडे जगाचे लक्ष वेधले. १९९७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात मासेमारीवर बंदी आली. कासवांच्या दृष्टीने हे संरक्षण आवश्यक होते. सातभायाच्या माणसांच्या दृष्टीने मात्र परिस्थिती अशी झाली की भातशेती समुद्र नेत होता आणि त्या समुद्रातील मासळीवर वर्षातील सात महिने निर्बंध होते.

या किनाऱ्याची धूप का वाढली याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी यांचा हा त्रिभुज प्रदेश गाळावर जगतो. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या हिराकूडसारख्या धरणांनी तो गाळ वरच अडवला. पूर्व किनाऱ्यावर वाळू प्रामुख्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, आणि बंदरांचे ब्रेकवॉटर तिची वाट अडवतात. १९७१ आणि १९९९ च्या भीषण चक्रीवादळांनी किनाऱ्याचा आकारच बदलला. समुद्रपातळीची वाढ या सर्वांवर भर घालते. वैज्ञानिकदृष्ट्या ही गुंतागुंत महत्त्वाची आहे, कारण जबाबदारीचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. धूप निसर्गाची असेल तर ती आपत्ती, हवामानबदलाची असेल तर जगाचे देणे, आणि धरणाची वा बंदराची असेल तर प्रकल्पाचे देणे. एकाच घराखालची वाळू तिन्ही कारणांनी जाते, आणि मग देणे कोणाकडेच निश्चित होत नाही.

सातभायाच्या लोकांनी पुनर्वसनाची मागणी वर्षानुवर्षे केली. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण लोक आपली जागा सोडायला तयार नसतात असे सरसकट म्हटले जाते. येथे लोक तयार होते; शासनाची तयारी व्हायची होती. जमीन शोधणे, ती ताब्यात घेणे, कुटुंबांची यादी करणे यात दीर्घ काळ गेला. अखेर २०१८ मध्ये दहा-बारा किलोमीटर आत असलेल्या बागपतिया येथील वसाहतीत ५७१ कुटुंबांचे स्थलांतर झाले. समुद्राच्या धुपेमुळे राज्य सरकारने उभारलेल्या देशातील पहिल्या वसाहतींपैकी एक म्हणून तिचा उल्लेख होतो. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी १० डिसिमिल, म्हणजे सुमारे चार गुंठे जागा आणि घरबांधणीसाठी अनुदान मिळाले.

गावाबरोबर देवीही निघाल्या. सातभायाच्या किनाऱ्यावर पंचुबाराही या पाच देवींचे मंदिर होते. तिथली पूजा परंपरेने मच्छीमार समाजातील विवाहित स्त्रियाच करतात. पुरुषांनी मूर्तींना स्पर्श करण्याची रीत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पाषाणाच्या जड मूर्ती हलवण्याची वेळ आली तेव्हा अपवाद म्हणून पुरुषांचे हात लागले, आणि बागपतियातील नव्या मंदिरात पूजेचा अधिकार पुन्हा स्त्रियांकडे गेला. कुठल्याही शासकीय आदेशात नसलेली ही वाटाघाट गावाने स्वतः केली. एखादा समाज जागा बदलताना काय बदलू देतो आणि काय टिकवतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते.

बागपतियाने जीव वाचवले हे निर्विवाद आहे. चक्रीवादळाच्या रात्री सातभायात असणे आणि बागपतियात असणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी वसाहतीला घराची जागा मिळाली, शेतजमीन मिळाली नाही. समुद्राखाली गेलेल्या भातखाचरांच्या बदल्यात काही देण्याची तरतूद नव्हती, कारण ती जमीन शासनाने संपादित केलेली नव्हती. चार गुंठ्यांत घर होते, गोठा जेमतेम होतो; शेत होत नाही. अनेक घरांतील तरुण कामासाठी केरळसारख्या दूरच्या राज्यांत जाऊ लागले. लाभार्थींच्या यादीत ज्यांची नावे नव्हती, त्यांचा प्रश्न स्थलांतरानंतरही रेंगाळला.

पुनर्गेहम : नगद रकमेची वाट

केरळने वेगळा मार्ग निवडला. भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या १८,६८५ मच्छीमार कुटुंबांची गणना करून राज्याने ‘पुनर्गेहम’ ही २,४५० कोटी रुपयांची योजना हाती घेतली. कुटुंबाला १० लाख रुपये मिळतात. त्यातील कमाल सहा लाख जमिनीसाठी, उरलेले घरासाठी. काही ठिकाणी सदनिकाही बांधण्यात आल्या. संकट येण्याआधी लोकांना हलवण्याची, निश्चित निकष आणि निश्चित रक्कम असलेली ही योजना देशात अपूर्व आहे. शिवाय किनाऱ्याच्या धुपेला राज्याने आपल्या पातळीवर आपत्तीचा दर्जाही दिला आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. केरळच्या दाट वस्तीच्या किनाऱ्यावर सहा लाखांत समुद्राजवळ जमीन मिळणे दुर्घट आहे. दूर गेल्यास धंदा सुटतो. २०२२ मध्ये विळिंजम बंदराविरुद्ध मच्छीमारांनी चार महिन्यांहून अधिक काळ आंदोलन केले. बंदराच्या बांधकामामुळे धूप वाढली असा त्यांचा दावा होता. सरकारने तो मान्य केला नाही आणि अभ्यासासाठी तज्ज्ञ समिती नेमली. घर गेलेली काही कुटुंबे तोवर वलियतुरा येथील गोदामात राहत होती. दुसरीकडे कोच्चीजवळच्या चेल्लानममध्ये ३४४ कोटी रुपये खर्चून टेट्रापॉडची भिंत उभारली गेली. एकाच राज्यात एका गावाला भिंत आणि दुसऱ्याला स्थलांतराची रक्कम, हे कोणत्या कसोटीवर ठरते याचा लेखी नियम नसेल, तर निर्णय दबावाने होत असल्याची भावना बळावते.

राष्ट्रीय पातळीवर काय आहे, काय नाही

भारतात विस्थापितांसाठी कायदे नाहीत असे नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला. कोयनेपासूनच्या धरणग्रस्तांच्या लढ्यांची पार्श्वभूमी त्याला होती. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायदा भरपाई, उपजीविका आणि भूमिहीन आश्रितांचे हक्क यांची तरतूद करतो. या साऱ्यांची किल्ली ‘संपादन’ या शब्दात आहे. जमीन शासनाने घेतली तर हक्क निर्माण होतो. समुद्राने घेतली तर होत नाही. ‘धरणग्रस्त’ हा शब्द कायद्याला ठाऊक आहे. धुपेने घर गमावलेल्यासाठी तसा शब्द नाही.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा दुसरा आधार. मदत निधीच्या निकषांत चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, दरड इत्यादी आपत्ती आहेत. रोज थोडी थोडी होणारी किनाऱ्याची धूप त्या राष्ट्रीय यादीत नाही. एका रात्रीत घर पडले तर मदत, वीस वर्षांत पडले तर नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

पंधराव्या वित्त आयोगाने या उणिवेची प्रथमच दखल घेतली. २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस त्याने केली. नदीकाठची धूपही त्यात आहे. संपूर्ण देशातील नद्या आणि किनारे यांसाठी पाच वर्षांचे १,००० कोटी, आणि केरळच्या एका योजनेचा खर्च २,४५० कोटी. प्रश्नाचा आकार यावरून कळतो. त्यापाठोपाठ राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नदी आणि किनारी धुपेने बाधित लोकांच्या पुनर्वसनासाठी राष्ट्रीय धोरणाचा मसुदा तयार केला. मसुदा आणि निधी हे पहिले पाऊल आहे. हक्क त्याहून पुढचा आहे. २१ मार्च २०२४ रोजी जाहीर झालेल्या माळढोक प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा अधिकार संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून निघतो असे मान्य केले. किनाऱ्यावरील कुटुंबासाठी त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे पुढील खटल्यांतून आणि कायद्यांतून ठरेल.

विज्ञानाने दिलेले एक साधन मात्र याच काळात शिथिल झाले. २०११ च्या किनारी अधिसूचनेत ‘धोकारेषा’ आली होती. लाटा, भरती, समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याचे सरकणे यांचा विचार करून आखलेली ही रेषा, उद्याचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवते. १८ जानेवारी २०१९ रोजी जारी झालेल्या नव्या अधिसूचनेने तिला नियमनापासून वेगळे करून आपत्ती व्यवस्थापनाचे मार्गदर्शक साधन म्हणून ठेवले. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामवर्ज्य पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. मच्छीमार गावांना घरे वाढवायला जागा हवी होती, ही त्यामागील मागणी खरी होती. पण एकीकडे केरळ ५० मीटरच्या आतील कुटुंबांना मागे नेत असताना दुसरीकडे ५१ व्या मीटरवर नवे बांधकाम नियमात बसते. पन्नास वर्षांनी त्या बांधकामाच्या पुनर्वसनाचा खर्च कोणाकडे असेल, याचा उल्लेख नियमात नाही.

इतिहासातून निघणाऱ्या कसोट्या

या दीडशे वर्षांच्या अनुभवावरून कोणत्याही नियोजित माघारीला काही प्रश्न विचारता येतात. निर्णय कोणाचा होता? सातभायाने मागितले आणि वाट पाहिली. धनुष्कोडीला सांगण्यात आले. नव्या जागेत घराबरोबर कामाची सोय आहे का? बागपतियात आणि सेम्मनचेरीत घर आले, काम मागे राहिले. नवी जागा स्वतः किती सुरक्षित आहे, आणि तिथल्या आधीच्या रहिवाशांना काय मिळते? सागर बेटाने हा प्रश्न विचारला आहे. रिकाम्या झालेल्या किनाऱ्यावर कोणाचा हक्क राहतो? तमिळनाडूतील अटीपासून हा मुद्दा खुला आहे. भिंत बांधायची की गाव हलवायचे, हे कोणत्या जाहीर निकषावर ठरते? केरळचे दोन मार्ग एकमेकांशेजारी उभे आहेत.

यातील प्रत्येक प्रश्नात विज्ञानाचा वाटा आहे. किनारा किती वेगाने सरकतो, गाळ कुठे अडतो, धोकारेषा कुठून जाते, हे मोजता येते आणि भारतातील संस्था ते मोजतात. पिडिंग्टनच्या काळी वादळाच्या नोंदी एका माणसाच्या वह्यांत होत्या. आज किनाऱ्याचा प्रत्येक पट्टा नकाशावर आहे. १८५३ मध्ये उणीव माहितीची नव्हती, माहितीवरून निर्णय घेण्याच्या बंधनाची होती. आजही तीच आहे.

बागपतियातील एखादे कुटुंब आज विचारू शकते की समुद्राखाली गेलेल्या आपल्या शेताची नोंद कुठे आहे आणि तिच्या बदल्यात काय मिळणार आहे. त्याच पाण्यातून उद्या एखादे बेट वर आले, तर ते कोणाचे हे सांगणारे सूत्र बंगालमध्ये १८२५ पासून उपलब्ध आहे. शेताच्या प्रश्नाला मात्र अजून कायद्याचे कलम नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. पुढील तरतूद आणि धोरणाचा अंतिम मसुदा वाचताना हे एक कलम त्यात आहे का, एवढे पाहिले तरी भारताच्या किनारी धोरणाची दिशा कळेल.

#विज्ञानवार्ता #किनारपट्टी #हवामानबदल #पुनर्वसन